बिरू तात्यांचं कुटुंब

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे खाली कमेंटमध्ये "ताई, तुमच्या मनात होतं म्हणून तसं वाटलं" असं कुणी लिहायला नको. मी अमावस्येला नखं कापते. मांजर आडवं गेलं तर मला मांजराची काळजी वाटते, कारण आमचं उंब्रज हायवेवर आहे आणि तिथं मांजरं गाडीखाली सापडतात. लग्नात पत्रिका जुळत नव्हती, तरी केलं, आणि नवरा अजून माझ्या हातचं खाऊन धडधाकट आहे. नर्सिंग केलंय, मयताची तोंडं धुतलीत, त्यातलं एकही कधी उठून बसलं नाही. तेव्हा मी घाबरट नाही, भाबडी तर नाहीच नाही.

आणि दुसरं — यात रात्र नाही. कुत्र्यांचं रडणं, पैंजण, पिंपळ, यातलं काही नाही. सगळं भर दिवसा घडलंय, सांगलीच्या मार्केट यार्डाच्या बाजूला, हमालांच्या आरडाओरड्यात. ज्यांना पिंपळ हवाय त्यांनी इथंच थांबावं.

तर कामाचं. आमचा एक छोटा संशोधन गट आहे. साताऱ्यापासून कराड, सांगली, मिरजेपर्यंत स्टँडवर, घाटावर, बंद दुकानांच्या वरांड्यात राहणाऱ्या माणसांच्या तब्येतीचा अभ्यास करतो. बी.पी., शुगर, जखमा, खोकला. आणि डोक्यावर छप्पर आलं की त्यातलं काय काय बरं होतं, ते पाहतो. अभ्यास म्हणजे नुसतं लिहून घेणं नव्हे. एका ट्रस्टनं जुन्या चाळीतल्या काही खोल्या आमच्या हवाली केल्या होत्या. कुणाला द्यायच्या ते एक समिती ठरवायची. समितीचा नियम असा, की नवरा-बायको किंवा लेकरंबाळं असतील तर खोली. एकटा पुरुष असेल तर निवाऱ्याच्या हॉलमध्ये खाट. हा नियम मला पहिल्या दिवसापासून पटला नव्हता आणि तो पटत नसल्याचं मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगत होते. आमचे प्रमुख — पुण्याचे, त्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणतो — दर वेळी म्हणायचे, "नोंद घेतली." नोंद घेतली म्हणजे पुण्याच्या भाषेत गप्प बसा.

आमच्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता, 'कुटुंब आहे का?' सरांनीच लिहिलेला.

मार्केट यार्डाजवळ हळदीचं एक जुनं गोदाम आहे. कैक वर्षं कुलूपच. त्याच्या वरांड्यात एक म्हातारा बसलेला असायचा. मुंडासं, दाट मिशा, अंगाखाली काळं घोंगडं. घोंगड्याच्या एका कडेला बसायचा, अख्खं मोकळं सोडून. मी आणि माझा सहकारी संकेत — कराडचा, एम.एस.डब्ल्यू. केलेला, माझ्याहून लहान — त्याच्यापुढं बसलो. नाव बिरू. गाव जतच्या पलीकडं. धंदा मेंढरं राखायचा.

"तात्या, कुटुंब आहे का?" संकेतनं विचारलं.

"हाय की."

"कुठं असतं?"

"कुठं म्हंजी? हितंच. ही काय बसलीया." आणि त्यांनी हनुवटीनं घोंगड्याची मोकळी बाजू दाखवली.

संकेतनं माझ्याकडं पाहिलं. मी मात्र हसले, कारण मला शब्द कळला. सरांच्या पुण्यात कुटुंब म्हणजे आईवडील, भाऊ, पोरंबाळं, सगळं गणगोत. आमच्याकडच्या जुन्या माणसांत कुटुंब म्हणजे बायको. माझे आजोबा म्हणायचे, "कुटुंबाला विचारून सांगतो," आणि आत जाऊन आजीला विचारून यायचे. बायकोचं नाव घ्यायचं नाही, मग म्हणायचं काय? कुटुंब. शब्द मला कळला, पण घोंगड्यावर कुणी नव्हतं, हेही मला दिसत होतं. मी मनातल्या मनात लिहिलं — एकटा, डोक्यावर परिणाम असावा.

मग त्यांचा पाय पाहिला. डाव्या तळव्याला जखम, रुपयाहून मोठी, कडा पांढऱ्या. शुगर भरमसाट. असल्या जखमेचं पुढं काय होतं ते मी वॉर्डात पाहिलंय. आधी बोट जातं, मग पाऊल, मग गुडघ्याखाली. दुसऱ्याच दिवशी सिव्हिलला नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "हा माणूस असाच उघड्यावर राहिला तर पाय काढावा लागेल. आणि या वयात पाय काढला तर पुढचं तुम्हाला माहीत आहे."

मी तात्यांना म्हटलं, निवाऱ्याच्या हॉलमध्ये चला. खाट आहे, पंखा आहे, रोज ड्रेसिंग होईल.

"बायका असत्यात का तिथं?"

"नाही, फक्त पुरुष."

"मग कसं यिऊ? बायमानसाला परक्या बाप्यांत निजवू व्हय?"

"तात्या, तुम्ही एकटेच आहात हो."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काहीतरी वंगाळ बोलले. "पोरी," ते म्हणाले, "तुला न्हाई दिसत तर नगं दिसू. पर तिच्या तोंडावर तरी आसं बोलू नगंस."

मी समजावलं. संकेतनं समजावलं. एकदा मी चिडून ओरडलेसुद्धा. तात्या हलले नाहीत. धनगराला एका जागेवरून हलवणं आणि त्याच्या मेंढीला विहिरीत उतरवणं, दोन्ही सारखंच अवघड.

मग काय करणार? ड्रेसिंग मीच शिकवलं. म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला. सलाइनच्या पाण्यानं धुवायचं, पुसायचं, गॉज लावायचं, पट्टी गुंडाळायची. पण तात्यांचा गुडघा आखडलेला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. स्वतःचा तळवा त्यांना दिसतही नव्हता आणि पोचतही नव्हता. मला रोज जमणं शक्य नव्हतं, आज सातारा, उद्या मिरज अशी माझी वणवण. मी सामान ठेवलं आणि मनात म्हटलं, पुढच्या खेपेला किडे सापडतील.

पुढच्या खेपेला पट्टी नवीकोरी होती. पाय धुतलेला. माझं गॉज नीट घडी करून जागेवर बसवलेलं, आणि त्यावरून बँडेजऐवजी कापडाची एक पट्टी, टाचेवरून घोट्याकडं तिरकी आणलेली. गाठ घोट्याच्या बाहेरच्या अंगाला. टोकं आत खोचलेली. मी इतकी वर्षं बँडेज बांधतेय, अशी पद्धत पाहिली नव्हती.

"कुणी बांधलं?"

"कुटुंबानं."

"तात्या, खरं सांगा."

"खरंच की. मेंढीच्या पायाला आसंच बांधत्यात. शेवट आत खोचायचा, काट्याकुट्यात आडकू नये म्हून. आमच्यात बायकाच बांधत्यात ते."

म्हटलं ठीक आहे, जवळपासचं कुणीतरी पुण्यवान आहे आणि तात्या त्याचं श्रेय बायकोला देतायत. समोरच अक्काची चहाची टपरी होती. अक्का मूळची कर्नाटकातली, अथणीकडची, पण सांगलीत जन्म गेलेला. विचारलं, तर म्हणाली, "नाही रे देवा, मला रक्त बघूनच घेरी येतीय." हमालांना विचारलं. त्यांनी हात जोडले. मग मी वेळी-अवेळी जायला लागले, अगदी पाळतच ठेवली म्हणा ना. सकाळी पट्टी जुनी दिसायची, समोर चहा घेऊन वळावं तर नवी. मधल्या वेळात तात्यांकडं कुणी आलेलं मी एकदाही पाहिलं नाही. जखम मात्र भरत होती. कडा लाल होत होत्या, आणि लाल म्हणजे जिवंत.

एके दिवशी मी ड्रेसिंग सोडलं आणि ती कापडाची पट्टी हातात घेऊन नीट पाहिली. इरकलीचा काठ होता, हिरव्या लुगड्याचा. तात्यांच्या गाठोड्यात लुगडं नव्हतं, ते मी आधीच पाहिलं होतं. मी पट्टी तशीच चिमट्यात धरून अक्काकडं गेले आणि विचारलं, असलं लुगडं इकडं कोण नेसतं?

अक्काच्या हातातलं चहाचं भांडं तसंच राहिलं. दूध उतू गेलं तरी तिनं गॅस बारीक केला नाही. मीच केला.

"ताई," ती म्हणाली, "हा काठ माझ्या लुगड्याचा आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. तात्या आणि त्यांची बायको मिरजेला औषधपाण्याला आले होते, बाईच्या पोटात गाठ होती. मेंढरं भावाच्या हवाली केली होती. भाऊ मेंढरं घेऊन कर्नाटकात उतरला, तो उतरलाच. दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं. घर कुठलं? तळावरची माणसं ती, मेंढरं तिथं घर. मेंढरंच गेली. मग हा वरांडा. बाई त्याच वरांड्यात गेली, उन्हाळ्यात, भर बाजाराच्या दिवशी. बाजूनं ट्रक भरत होते आणि ही अशी पडलेली, आडोशाला एक पोतं. "सवाष्ण बाई," अक्का म्हणाली. "तिला फाटक्यात कशी पाठवू? माझं एकच चांगलं लुगडं होतं, हिरवं इरकल. मीच नेसवलं. मीच मळवट भरला. माझ्या डोळ्यांदेखत गेलं ते तिच्याबरोबर घाटावर."

आता तुम्ही म्हणाल, इरकलीचे काठ काय, हजारो असतात. बरोबर. मीही अक्काला तेच म्हटलं. तिनं पट्टीवर एक जागा दाखवली. काठ उसवला होता आणि लाल दोऱ्यानं तुरपलेला होता. "हिरवा दोरा संपला होता," ती म्हणाली, "म्हणून मी लाल घातला." तुम्ही म्हणाल, मग ती पट्टी कुठं आहे, फोटो टाका. पट्टी पिवळ्या पिशवीत गेली. पू लागलेलं कापड पिवळ्या पिशवीत टाकायचं असतं, जाळायला जातं. मी नर्स आहे, पुरावा गोळा करणारी पोलीस नाही. नियम म्हणजे नियम.

मी घाबरले का? नाही. मला राग आला. एक बाई रस्त्यावर मेली, पोत्याच्या आडोशाला. तिचा नवरा तिथंच त्याच फरशीवर पाय कुजवत बसलाय, आणि आम्ही त्याला विचारतोय, 'कुटुंब आहे का?' इथं काय अमानवीय आहे ते तुम्हीच ठरवा. मला तर ती बाई त्या सगळ्यात सर्वांत माणसासारखी वागलेली दिसते.

इकडं वेगळंच घडलं होतं. संकेतनं प्रश्नावलीत लिहिलेलं तात्यांचं उत्तर पुण्याला गेलं, आणि सरांनी ते आपल्या अर्थानं वाचलं. 'कुटुंब आहे, सोबत राहते.' झालं, तात्यांचं नाव खोलीच्या यादीत! संकेत हळूच म्हणाला, "ताई, गप बसूया. चुकून का होईना, काम झालंय." पण माझा स्वभाव आड येतो. मला चुकून नको होतं, मला हक्कानं हवं होतं. मी सरांना फोन लावला. म्हटलं, सर, हा माणूस एकटा आहे, विधुर आहे, आणि तरीही त्याला खोली द्या, कारण नियमच चुकीचा आहे.

"एकटे असतील तर नाव काढावं लागेल," सर म्हणाले. "मी घाटगेंना पडताळणीला पाठवतो."

गेली का भाकरी कुत्र्याच्या तोंडात! माझ्या खरेपणानं म्हाताऱ्याचा पाय घालवला असं वाटून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

घाटगे म्हणजे सुभेदार घाटगे, सैन्यातून निवृत्त झालेले, खटावकडचे, समितीतला सगळ्यांत कडक माणूस. चप्पल कुठं काढली यावरून माणूस पारखणारा. मी त्यांना काहीच सांगितलं नाही, सरांनीही नाही. त्यांना एवढंच काम होतं, की जोडपं आहे का ते पाहून या. ते दुपारी गेले आणि संध्याकाळच्या मीटिंगला हजर झाले. मी भांडायच्या तयारीनं बसले होते.

"पडताळणी झाली," घाटगे म्हणाले. "दोघंही आहेत. खोली द्यायला हरकत नाही."

माझ्या तोंडून निघालं, "दोघं?"

"हां, मॅडम. म्हातारा गरीब आहे. बाई खमकी! मी घोंगड्यावर बूट ठेवला तर मला म्हणाली, दादा, पायतान भाईर काढा. मिलिटरीत मला कुणी एवढं झापलं नाही."

संकेतनं टेबलाखालून माझा हात धरला. मी विचारलं, बाई दिसायला कशी होती. घाटगे जरा वैतागले. "कशी म्हणजे? आपल्या इकडच्या बायका असतात तशी. काटक. कपाळभर कुंकू. हिरवं इरकल नेसलेली, काठ एका बाजूनं फाटलेला. मी म्हटलं, नवऱ्याचं नाव सांगा, मला पडताळायचं आहे. तर लाजली बघा! या वयात! नाव घेईना. शेवटी उखाण्यात घेतलं."

आणि सुभेदार घाटग्यांनी, समितीच्या मीटिंगमध्ये, मिशीत हसत तो उखाणा म्हणून दाखवला:

"बाभळीचा पाला मेंढरांनी खाल्ला,
बिरूरावांचं नाव घेते, खोली द्या आमाला."

सगळे हसले. सर फोनवरून हसले. मी आणि संकेत सोडून.

तुमची शंका मला माहीत आहे — अक्कानंच बसून सोंग केलं असेल. अक्का जाडजूड आहे, तिच्या बोलण्यात कानडी हेल आहे, आणि घाटग्यांनी वरांड्यात जायच्या आधी तिच्याच टपरीवर चहा घेतला होता. तिचं लुगडं तर घाटावर गेलेलं. दुसरी कुणी बाई? मग कोण, कुठली, आणि पुन्हा कुणालाच का दिसली नाही? मी सरांना फोन करून पुन्हा सांगितलं, की तात्यांची बायको वारलेली आहे. सर म्हणाले, "तुमचीच माहिती चुकली असेल. घाटगे प्रत्यक्ष भेटून आलेत." मी खरं बोलत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा पुरावा भुताच्या बाजूनं होता!

खोली मिळाली. सामान हलवायच्या दिवशी सकाळी रिक्षा केली. सामान म्हणजे घोंगडं, गाठोडं आणि काठी. चाळीच्या खोलीपुढं आम्ही तिघं होतो, मी, संकेत, आणि किल्ली घेऊन आलेले घाटगे. दार अरुंद. घाटग्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं. तात्या उंबऱ्यापाशी आले आणि थांबले. आत गेले नाहीत. काठी टेकून एका अंगाला उभे राहिले, लग्नाच्या घरात वडीलधारी बाई आत जाताना उभं राहतात तसे.

आणि मी बाजूला सरले.

का सरले? मला काही दिसलं नाही. शपथेवर सांगते, काही म्हणजे काही दिसलं नाही. पण दारातून बाई आत जाताना आपण अंग चोरून वाट देतो, तशी मी भिंतीला टेकले. आणि पाहते तर संकेतही मागं सरकला होता. घाटग्यांनी तर चक्क मान झुकवून, "या, या वहिनी" म्हटलं. मग तात्या आत गेले. वाऱ्याची झुळूक नाही, वास नाही, काही नाही. जिन्यात फक्त बिनतुपाच्या खिचडीचा वास येत होता, कुणाच्या तरी घरचा.

खाली उतरल्यावर संकेत म्हणाला, "ताई, आपण का सरलो?" मी रिक्षावाल्याच्या हातात पैसे ठेवले.

पुढं मी दर आठवड्याला जात राहिले. जखम भरली. खरं सांगते, असली जखम इतकी सुंदर भरलेली मी कमी पाहिली आहे. खोली लख्ख. चुलीच्या जागी छोटा गॅस. घोंगडं अजून अर्धंच वापरलेलं. मग एकदा आमच्या पुढच्या फेरीची तपासणी आली. तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. मी बी.पी. घेतलं, शुगर घेतली, पाय पाहिला. आणि मग तो प्रश्न आला. मी कागदाकडं बघूनच विचारलं, "कुटुंब आहे का?"

तात्यांची काठी फरशीवर एकदा वाजली.

"न्हाई," ते म्हणाले. "गेलं."

मी मान वर केली. ते घोंगड्याच्या मधोमध बसले होते.

"कवा गेलं, तात्या?"

"सोमवारी. कडी लावाया शिकवली मला. आवं, मला कडी कुठं लावाया येती? जलम माळावर गेला, दार कुठं होतं? धा येळा लावून घेतली माझ्याकडनं. आतनं लावा, भाईरनं लावा. मग म्हनली, आता जमतंय तुमास्नी. उघड्यावरच्या मानसाला राखन लागती. दाराच्या आतल्या मानसाला काय लागतंय?" त्यांनी मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसले. "मी म्हनलं, ऱ्हा की गं. तर म्हनली, न्हाई. आता कडी लावून घ्या. लावली मी."

मी रडले. संशोधकानं रडू नये असं प्रशिक्षणात सांगतात. सांगणाऱ्यांनी कधी कडी लावायला शिकलेला म्हातारा पाहिलेला नसतो.

पण रडून उठले तेव्हा मला एक गोष्ट लख्ख कळली. कुटुंब गेलं, म्हणजे नियमानं तात्या आता एकटे. म्हणजे खोली काढून घ्यायची. हॉलमध्ये खाट. जिनं रस्त्यावर मेल्यावरसुद्धा नवऱ्याला दार मिळवून दिलं, तिच्या पाठीमागं आम्ही ते दार काढून घेणार. संकेत म्हणाला, "ताई, 'आहे' असंच लिहू." मी म्हटलं, नाही. भुताच्या आडून कशाला भांडू? माणसाच्या नावानं भांडेन.

समितीच्या मीटिंगला मी उभी राहिले. म्हटलं, बिरू तात्या एकटे आहेत. ते खोलीतच राहणार आहेत. ज्याला त्यांना बाहेर काढायचं असेल त्यानं आधी मला काढावं, माझा राजीनामा पिशवीत आहे. एकट्या माणसाला दार लागत नाही हे कुणी ठरवलं? एकट्याला थंडी कमी वाजते? एकट्याच्या पायाला कीड लागत नाही? तुम्ही सगळे घरी जाऊन कडी लावून झोपता. त्याआधी घरात किती माणसं आहेत ते मोजता का?

सर म्हणाले, "भावना समजतात, पण नियमानुसार..."

"बाई कधी वारल्या?" मध्येच घाटगे. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

मी त्यांच्याकडं पाहिलं. लपवायचं काही कारण नव्हतं. "साहेब, तुम्ही भेटलात त्याच्या कितीतरी आधी. त्याच वरांड्यात. तिला नेसवलेलं हिरवं इरकल चहावाल्या अक्काचं होतं. हवं तर अक्काला विचारा."

घाटग्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. माणसाचा रंग उतरतो म्हणतात, तो मी तेव्हा पाहिला. कुणीतरी हसण्याचा प्रयत्न केला, तो त्यांच्याकडं बघून थांबला.

"मला दादा म्हणाली ती," घाटगे शेवटी बोलले. "खोली द्या म्हणाली. मी म्हटलं, दिली. फौजी माणसानं बहिणीला शब्द दिलाय. ती जिवंत होती का नव्हती, हा माझा प्रश्न नाही. खोली तात्यांची. कुणाला नियम दाखवायचा असेल त्यानं तो मला येऊन दाखवावा."

कुणी दाखवला नाही. त्याच मीटिंगमध्ये नियम बदलला, एकटा माणूसही खोलीला पात्र. सरांनी फोनवरून विचारलं, "इतिवृत्तात कारण काय लिहायचं?" मी म्हटलं, "माणूस आहे, असं लिहा." आणि तसंच लिहिलं गेलं.

घाटगे माझ्याशी पुढं कधीच त्या दुपारबद्दल बोलले नाहीत. एकदा मात्र अक्काच्या टपरीवर दिसले. त्यांनी तिला नवं इरकल दिलं, हिरवं, आणि चहा न घेता निघून गेले.

नावं मी बदलली आहेत आणि चाळ कुठली ते सांगणार नाही, उगाच कुणी नारळ घेऊन पोचायला नको. पट्ट्या कुणी बांधल्या, वरांड्यात घाटग्यांशी कोण बोललं, आम्ही तिघं दारातून कुणासाठी सरलो — मला माहीत नाही. खूप डोकं लावलं, सुटलं नाही, आणि 'काहीतरी शक्ती असते' असं म्हणून मान डोलावणाऱ्यांतलीही मी नाही. तुमच्यापैकी कुणाकडं याचं स्पष्टीकरण असेल तर खाली जरूर लिहा, मी वाचेन. आणि सांगली-साताऱ्याकडं कुणाची एखादी खोली रिकामी पडली असेल, तर आधी ते लिहा. आमच्या यादीत अजून खूप माणसं उघड्यावर आहेत, आणि प्रत्येकाची राखण करायला कुणी येतंच असं नाही.